अतुल डोडिया: चित्र कशावर काढलंय ते आधी बघा

चित्राशेजारच्या पाटीवर नाव, साल, माप आणि माध्यम छापलेलं असतं. माध्यमाची ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत. ‘तैलरंग, कॅनव्हास’ यात वाचण्यासारखं असतं तरी काय! अतुल डोडियांच्या प्रदर्शनात मात्र तीच ओळ आधी वाचावी. रोलिंग शटर आणि एनॅमल. लॅमिनेट आणि एनॅमल. कागदावर जलरंग आणि संगमरवराची पूड. लाकडी कपाट, हातानं रंगवलेले फोटो, कृत्रिम हातपाय. गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत या चित्रकाराची हाताळणी इतक्या वेळा बदलली की ‘डोडियांची शैली’ म्हणून एका वाक्यात काही सांगताच येत नाही, आणि त्यावरून नाकं मुरडणारेही आहेत. पण कशावर काढायचं हा प्रश्न त्यांनी दर वेळी नव्यानं सोडवलेला दिसतो, आणि त्या पृष्ठभागानं चित्राचं निम्मं काम आधीच करून टाकलेलं असतं. हा लेख त्या पृष्ठभागांबद्दल आहे. त्यातही शटर जास्त, कारण तिथे यंत्र, रंग आणि अर्थ एकमेकांत सगळ्यात घट्ट अडकलेत.

पूर्वपीठिका थोडक्यात उरकू. जन्म १९५९, घाटकोपरचा. घर गुजराती, आणि घाटकोपर त्यांनी पुढेही सोडलं नाही; स्टुडिओ तिथलाच. १९८२ मध्ये जे.जे.तून बाहेर पडले. पहिलं एकल प्रदर्शन १९८९ मध्ये केमोल्डमध्ये, तेव्हा ही गॅलरी जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर होती. त्या काळातली चित्रं फोटोसारखी काटेकोर: घरातल्या खोल्या, घरची माणसं, स्थिर उजेड. मग १९९१-९२ मध्ये फ्रेंच शिष्यवृत्तीवर पॅरिसचं बोझार हे कलाविद्यालय. पुस्तकांत छापील बघितलेली चित्रं तिथे मूळ आकारात, ब्रशच्या खुणांसकट समोर आली. परतल्यावर एकाच कॅनव्हासवर चार-पाच भाषा बोलायला सुरुवात झाली. सिनेमाचं पोस्टर, युरोपातल्या एखाद्या थोर चित्राचा तुकडा, कॅलेंडरवरचा देव, बारीक अक्षरातला मजकूर, सगळं शेजारी शेजारी.

१९९४ चं ‘बॉम्बे बकानीअर’ या वळणाचा नमुना. चित्रकार स्वतः ‘बाजीगर’च्या पोस्टरमधल्या शाहरूखच्या अवतारात, आणि गॉगलच्या काचांत दोन प्रतिबिंबं: एकीत ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी, दुसरीत बडोद्याचे चित्रकार भूपेन खक्कर. आपले गुरू कोण हे सांगायला याहून खट्याळ जागा सापडणं अवघड. (खक्करांच्या निधनानंतर डोडियांनी त्यांच्या स्मरणार्थ केलेल्या कामाचं नाव ‘श्री खक्कर प्रसन्न’. लग्नपत्रिकेच्या डोक्यावर जे छापतात ते. खक्कर अनेक वर्षं हिशेबनीस म्हणूनही काम करत, तेव्हा वहीपूजनातली ओळ म्हणूनही ते शोभतं.)

१९९९ मध्ये गांधींवरची जलरंगांची मालिका आली. तिथेही माध्यमाची निवड बघण्यासारखी आहे. तैलरंगात चूक खरवडता येते, वरून झाकता येते. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा राहिलेला कागद. एकदा डाग पडला की पडला. गांधींसाठी झाकपाक न चालणारं माध्यम घेणं यात एक मजा आहे.

आणि मग २००० साली शटर.

मुंबईत शटर कुणाला समजावून सांगायला नको. पण चित्रकाराच्या नजरेनं ते सुटं करून बघितलं की वेगळ्याच गोष्टी लक्षात येतात. पडदा आडव्या पट्ट्यांचा. पट्टी साधारण तीन इंच रुंद, १८ किंवा २० गेजच्या पत्र्याची, म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर जाड, आणि मधे बाहेरच्या बाजूला फुगवलेली. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा वळवलेल्या असतात; एकीची वळी दुसरीच्या वळीत अडकते आणि तो सांधाच बिजागराचं काम करतो. दोन बाजूंना गाइडची चॅनल, खाली जाड पट्टी आणि तिला कुलपाची कडी. वर पाइप, त्यात स्प्रिंगा, आणि हे सगळं झाकणारा पत्र्याचा खोका. शटर खाली ओढताना स्प्रिंग पिळली जाते आणि वर ढकलताना ती पिळलेली ताकद परत देते. म्हणून पन्नासएक किलोचा पडदा दुकानदार सकाळी एका झटक्यात वर फेकतो.

डोडियांची शटरं मोठी, साधारण नऊ फूट उंच आणि सहा फूट रुंद. खऱ्या गाळ्याचंच माप. तीन इंचांच्या हिशेबानं छत्तीस पट्ट्या झाल्या. म्हणजे चित्र काढायला सुरुवात करण्याआधीच त्यावर पस्तीस आडव्या रेघा मारलेल्या आहेत, आणि त्या पुसता येत नाहीत. चेहऱ्यातला डोळा सांध्यावर आला तर तो दुमडल्यासारखा दिसतो. ओठांची रेघ सांध्याला समांतर गेली की सांधाच ओठ होऊन बसतो. चेहरा काढणाऱ्याला म्हणून आधी पट्ट्या मोजाव्या लागतात: डोळे पट्टीच्या पोटावर यायला हवेत, सांध्यात नाही. प्रोजेक्टर लावून आकृती गिरवली तरी हा प्रश्न सुटत नाही, उलट नवा येतो. पट्टी फुगीर असल्यामुळे प्रोजेक्टर जिथून मारला त्या उंचीवरून रेघ सरळ दिसते, पण खाली बसून वर बघितलं की प्रत्येक पट्टीचा वरचा भाग आक्रसतो आणि गाल पायऱ्यापायऱ्यांचा होतो. पाटी रंगवणारे पेंटर याच कारणासाठी शटरवर बारीक अक्षरं टाळतात आणि एकेक अक्षर दोन-तीन पट्ट्यांएवढं ठेवतात. डोडियांच्या शटरवरच्या प्रतिमा ठळक, सपाट रंगाच्या आणि कॅलेंडरी वळणाच्या दिसतात, त्यामागे आवड आहेच. पण तो पत्राही दुसरं फारसं काही करू देत नाही.

आता चाल. शटर निम्मं वर घेतलं की काय होतं? पडद्याचा वरचा भाग खोक्यात गुंडाळला जातो आणि खालचा अर्धा सरकून वर येतो. माणसाचं चित्र असेल तर आधी डोकं जातं, मग छाती. पाय शेवटपर्यंत लोंबत राहतात. आणि मागे दुसरं चित्र असेल तर ते नेहमी खालून वर दिसू लागतं. कॅनव्हासवर कुठलाच चित्रकार प्रेक्षकाच्या नजरेला असा क्रम लावून देऊ शकत नाही.

२००२ च्या ‘महालक्ष्मी’त हा क्रमच चित्र आहे. बाहेर शटरवर देवी. घराघरांतल्या तसबिरींतून ओळखीची झालेली, प्रसन्न, दुकानाच्या गल्ल्यामागे शोभेल अशी. शटर वर गेलं की आत हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी. देवी गुंडाळली जाते तेव्हा तिचं डोकं आधी नाहीसं होतं आणि त्याच क्षणी खाली आतलं चित्र उघडं पडायला लागतं, पायाकडून. गळफासाच्या चित्राला याहून क्रूर क्रम नसेल. शिवाय शटरचा तो खडखडाट. गॅलरीच्या शांततेत तो कानावर पडला की आपण रस्त्यावरचे होतो. दोन्ही चित्रं एकाच वेळी पूर्ण दिसणं शक्य नाही, हीही यंत्राचीच देणगी. लक्ष्मी हवी असेल तर मुली झाकाव्या लागतात.

अशा दुहेरी कामात आतला बोर्ड शटरपासून किती मागे ठेवायचा हा अगदी सुतारकामाचा प्रश्न असतो. पडदा वर-खाली होताना हेलकावतो, आणि तळपट्टीची कडी आणि कुलपाचा खटका आतल्या बाजूला पुढे आलेले असतात. चार इंचांपेक्षा कमी जागा सोडली तर पहिल्याच आठवड्यात आतल्या चित्रावर उभे ओरखडे दिसतील. फार मागे नेला तर खोक्याची सावली आतल्या चित्राच्या वरच्या भागावर पडते आणि खास त्या चौकटीत दिवा बसवावा लागतो.

२००१ च्या सुरुवातीला लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये ‘सेंच्युरी सिटी’ हे प्रदर्शन झालं. नऊ शहरांपैकी एक मुंबई. तो विभाग गीता कपूर आणि आशीष राजाध्यक्ष यांनी रचला होता आणि त्याचा काळच १९९२ ते २००१ असा धरला होता. डोडियांची ‘मिसिंग’ नावाची शटरं त्यात होती. १९९२ पासून मुंबई मोजायची म्हटलं की दंगली आल्या, बॉम्बस्फोट आले, आणि शटरं बंद असलेले रस्ते आले. ‘मिसिंग’ या शब्दावर मराठी माणसाच्या मनात दूरदर्शनचं ‘आपण यांना पाहिलंत का?’ वाजणार, तो राखाडी चौकटीतला फोटो आणि उंची-वर्ण-बांधा सांगणारा सपाट आवाज. लंडनच्या प्रेक्षकाला यातलं किती कळलं असेल कुणास ठाऊक. पण खाली ओढलेलं शटर म्हणजे काहीतरी झालंय, एवढं कुठल्याही शहरात कळतं.

आता रंगाकडे. शटरवर एनॅमल लावायचा ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही, आणि या कामांची निगा राखणाऱ्यांना नेमका त्याचाच घोर असतो.

बाजारात दोन प्रकारचा पत्रा मिळतो. काळा, म्हणजे माइल्ड स्टील, आणि जस्त चढवलेला जीआय. जीआय गंजत नाही म्हणून तो बरा, असं कुणालाही वाटेल. साध्या सिंथेटिक एनॅमलसाठी तो घातक आहे. हे एनॅमल अल्किडचं, म्हणजे तेलाच्या कुळातलं. जस्ताला थोडा ओलावा मिळाला की ते या तेलातल्या आम्लाशी संयोग पावतं आणि रंग-पत्र्याच्या मधोमध साबणासारखा पातळ थर तयार होतो. वरून रंग चकचकीत, खालून पकड गेलेली. सहा महिने, वर्ष काही दिसत नाही. मग एक दिवस नखाएवढा पोपडा सुटतो आणि धरून ओढला तर हातभर पापुद्रा सोललेल्या केळ्यासारखा निघून येतो, मागची बाजू गुळगुळीत. असं झालं की ‘रंग खराब होता’ म्हणून पेंटरला दोष देतात. दोष मधल्या थराचा असतो. उपाय म्हणजे एनॅमल आणि जस्त यांची गाठ पडू न देणं: आधी तेलकटपणा काढायचा, मग आम्ल असलेल्या वॉश प्रायमरचा एक पातळ हात, किंवा इपॉक्सी प्रायमर, आणि त्यावर एनॅमल.

काळ्या पत्र्यावर हा प्रश्न नाही. तिथे रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर चालतं. पण तिथे गंज आहे, आणि तो पट्टीच्या पोटावर सुरू होत नाही, वळीच्या आत होतो, जिथे ब्रश पोचतच नाही. समुद्राकाठच्या हवेत दोन पावसाळ्यांत सांध्यातून तपकिरी ओघळ खाली येतात. देवीच्या गालावर तसा ओघळ आला तर समीक्षक त्याचा अर्थ लावतील, पण तो अर्थ चित्रकारानं घातलेला नसतो. पट्ट्या जोडण्याआधी सुट्या असतानाच प्रायमरमध्ये बुडवून काढणं हा पक्का मार्ग. जोडून आलेलं शटर असेल तर पडदा थोडा सैल सोडून, सांधे हलवत हलवत पातळ प्रायमर आत जिरू द्यावं लागतं.

दुसरी गोम पिवळेपणाची. पांढरं अल्किड एनॅमल अंधारात पिवळं पडतं, उजेडात कमी. दुकानाच्या बाबतीत कुणाला फरक पडत नाही. पण शटरवरचं चित्र दर वेळी वर गेलं की खोक्यातल्या अंधारात जातं. प्रदर्शनात चार महिने शटर अर्धं वर ठेवलं तर पडद्याचा वरचा भाग अंधारात आणि खालचा उजेडात, आणि परत खाली ओढल्यावर एकाच पांढऱ्याच्या दोन छटा. काही आठवडे पूर्ण उजेडात ठेवला तर पिवळेपणा बराचसा उतरतो, सगळा नाही.

तिसरी गोम गुंडाळण्याची. पट्टी स्वतः वाकत नाही, वाकतो तो सांधा. म्हणून सांध्यावरून ओढलेला रंगाचा पूल पहिल्याच फेरीत तुटणार, हे धरूनच चालायचं. जी पट्टी पाइपच्या सगळ्यात जवळ गुंडाळली जाते तिचा सांधा सगळ्यात जास्त वाकतो आणि तिच्यावर बाकीच्या वेढ्यांचा भार असतो. ही पट्टी असते वरची. आणि चित्रात वर काय असतं? चेहरा. म्हणजे जिथे सगळ्यात नाजूक काम, तिथेच झीज जास्त. यावर उपाय चित्रकाराच्या हातात फारसा नाही, शटर बनवणाऱ्याच्या आहे: पाइपवर मोठ्या व्यासाच्या चकत्या बसवायच्या आणि वर तीन-चार कोऱ्या पट्ट्या जास्तीच्या घालायच्या, म्हणजे पहिला आवळ वेढा त्यांचा होतो.

कुणाला स्वतः करून बघायचं असेल तर नऊ फुटांच्या नादी लागू नये. शटरवाल्याकडून दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच, म्हणजे बारा पट्ट्यांचा तुकडा कापून घ्यावा. स्प्रिंग, पाइप काही नको, वरची पट्टी दोन हुकांवर टांगली की झालं. आधी थिनरच्या फडक्यानं पुसायचा, मग साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवायचा. २२० नंबरचा पाणीपेपर हलक्या हातानं फिरवायचा. जीआय असेल तर जस्त खरवडून काढायचं नाही, फक्त चमक मारायची. प्रायमरचा एक हात आणि रात्रभर विश्रांती. मग एनॅमल, पाच ते दहा टक्के टर्पेंटाइन घालून, पातळ हातानं. सहा चौरस फुटांना एका हाताला ५०-६० मिलिलिटर पुरतो. त्याहून जास्त लागत असेल तर जाड लावताय. उभ्या पत्र्यावर जाड हाताचे ओघळ येतात, आणि ओघळ नाही आले तरी वरचा थर आधी वाळून खाली ओलं राहतं आणि साईसारख्या सुरकुत्या पडतात. सुरकुतलेलं घासून काढण्याशिवाय इलाज नसतो.

सगळ्यात जास्त चुकतं ते पुढे. रंग बोटाला लागेनासा झाला, साधारण दोन-तीन तासांनी, की प्रत्येक सांधा एकदा हलवायचा. हे विसरलात तर सकाळी बारा पट्ट्यांचा एक अखंड पत्रा झालेला असतो, आणि जोर लावला की सांध्याकडेचा रंग चिप्ससारखा उडतो. दोन हातांमध्ये रात्र जाऊ द्यायची. पावसाळ्यात, हवेत दमटपणा फार असताना, हे काम काढूच नये. सकाळी गार पत्र्यावर न दिसणारं दव बसतं आणि एनॅमलची चमक जाऊन त्यावर दुधट झाक येते. शेवटच्या हातानंतर गुंडाळायची घाई नको. वरून कोरडा वाटणारा रंग आतून कडक व्हायला काही आठवडे घेतो, तोवर गुंडाळलात तर एका वेढ्याचा रंग दुसऱ्याला चिकटतो. मधे बटर पेपर घालावा. वर्तमानपत्र अजिबात नको, त्याची शाई उठते.

आणि नऊ फुटी काम दुसऱ्या शहरात न्यायचं असेल तर चौकट, खोका, स्प्रिंग आणि आतला बोर्ड धरून वजन शंभर किलो सहज ओलांडतं. स्प्रिंग पिळलेल्या अवस्थेत, म्हणजे शटर खाली ठेवून, ते कधी पाठवू नये. वाटेत खटका सुटला तर पडदा स्वतःहून वर उडतो. दुसऱ्या टोकाला वेगळीच अडचण उभी असते: संग्रहालयात वस्तूला हात लावायचा नसतो, आणि ही वस्तू हात लावल्याशिवाय अपुरी आहे. मग कुणीतरी ठरावीक वेळी शटर वर घेतं, किंवा ते कायमचं अर्धं ठेवतात. अर्धं ठेवणं मला तडजोड वाटते. बाहेरचं चित्र बिनडोक्याचं, आतलं बिनचेहऱ्याचं, आणि वर घेण्यातला जो क्षण आहे तोच गायब. दिवसातून दोनदा का होईना, पूर्ण वर आणि पूर्ण खाली व्हावं. २०१० मध्ये दिल्लीच्या वढेरा गॅलरीत ‘मालेविच मॅटर्स अँड अदर शटर्स’ या नावानं शटरं पुन्हा आली; मालेविच हा रशियन अमूर्त चित्रकार. हुशार आहेत, पण त्यांत कलेच्या इतिहासाचा पाढा जरा जास्त आहे. पहिल्या शटरांमधला रस्ता त्यांत मागे पडलाय.

लॅमिनेट, म्हणजे आपला सनमायका, शटरच्या पाठोपाठ आला. शटरमागच्या बोर्डावर तो होताच, पुढे स्वतंत्र चित्रांचाही आधार झाला. यात गंमत अशी की हा पृष्ठभाग कोरा नसतो. त्यावर खोट्या लाकडाच्या शिरा, खोट्या संगमरवराच्या रेषा आधीच छापलेल्या असतात. डायनिंग टेबल, बँकेचा काउंटर, डॉक्टरचं कपाट: मध्यमवर्गीय घराची आणि कचेरीची सगळी स्वप्नं त्या मिलिमीटरभर थरात आहेत. चित्रकाराला पार्श्वभूमी रंगवावी लागत नाही, ती दुकानात निवडावी लागते. पण मेलामाइनचा तो थर काहीही शोषत नाही. एनॅमल त्यावर बसतं, धरत नाही, नखानं निघतं. जिथे रंग लावायचा तेवढाच भाग बारीक पेपरनं मंद करावा लागतो, आणि घासलेला भाग रंगाच्या कडेबाहेर गेला की छापील लाकडावर पांढुरका डाग कायमचा राहतो. कड आधी चिकटपट्टीनं बांधून घेणं हाच मार्ग. शिवाय बोर्डाच्या एकाच बाजूला लॅमिनेट लावलं तर पावसाळ्यात तो धनुष्यासारखा वाकतो. सुतार मागच्या बाजूला हलक्या प्रतीचा थर लावतात तो उगाच नाही.

कागदावरची कामं वेगळ्याच तब्येतीची. २००७ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा १२ या कलाप्रदर्शनात त्यांची ‘अँटलर अँथॉलॉजी’ होती: बारा मोठे कागद, त्यांवर गुजराती कविता हातानं लिहिलेल्या आणि भोवती प्रतिमा. जर्मनीत बहुतेकांना वाचता न येणारं अक्षर हे तिथे रेषाच झालं असणार. या काळातल्या कागदांवर जलरंगासोबत संगमरवराची पूड येते. पूड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ती स्वतः चिकटत नाही. बांधणारं माध्यम कमी पडलं तर वाळल्यावर बोटाला पांढरं लागतं, जास्त झालं तर कवच होतं आणि कागद हलला की तडकतं. प्रमाण बसलं की कागदाला भिंतीसारखा खरखरीतपणा येतो आणि जलरंगाचा ओला फराटा त्यावर धुळीसारखा अडतो. मोठ्या कागदावर हा भार एका बाजूला पडला की कागद लाटांसारखा उठतो. म्हणून तो आधी भिजवून, कडा ताणून बसवणं भाग आहे.

२००५ मध्ये सिंगापूरच्या टायलर प्रिंट इन्स्टिट्यूटमध्ये तर ते कागदाच्या लगद्यापर्यंत पोचले. नंदलाल बोस यांच्या चित्रातली शबरी तरुणपणी कशी असेल, अशी कल्पना घेऊन केलेली ती कामं. इथे रंग कागदावर नसतो, कागदातच असतो. ओला लगदा दिसतो त्यापेक्षा वाळून दाबल्यावर बराच फिका होतो, त्यामुळे सगळा अंदाज उद्याच्या रंगाचा करावा लागतो.

कपाटांबद्दल मात्र सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण शटरनंतर त्यांचं सगळ्यात भक्कम काम तेच आहे. ‘ब्रोकन ब्रँचेस’, २००२-०३. काचेची नऊ लाकडी कपाटं. मूळ प्रेरणा पोरबंदरच्या गांधी संग्रहालयातली कपाटं. काळ गुजरातच्या दंगलींनंतरचा. आत हातानं रंगवलेले, चौकटीत बसवलेले फोटो, कृत्रिम अवयव, हत्यारं-अवजारं, हाडं, कुठून कुठून आलेल्या वस्तू. सरकारी संग्रहालयात जशा वस्तू एकमेकींशी न बोलता शेजारी बसलेल्या असतात तशाच बसवलेल्या, आणि म्हणूनच त्या बोलायला लागतात. लाकडी पायाच्या बाजूला चष्म्याचा फोटो ठेवला की वाक्य तुम्ही पूर्ण करता.

बंद कपाट सुरक्षित वाटतं, पण कोंदट पेटीत वस्तू एकमेकींना खातात. लाकडातून, विशेषतः प्लायवूड आणि ताज्या पॉलिशमधून, आम्लाची वाफ निघत राहते. काच घट्ट बसली असेल तर ती आतच साठते, शिशाच्या वस्तूंवर पांढरी पूड येते आणि जुना कागद पिवळट, ठिसूळ होतो. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकण्याची आपली सवय इथे महागात पडते. त्यांच्या वाफेनं काही जातींचं प्लास्टिक मऊ पडतं. मागच्या फळीला वर-खाली जाळी लावलेली दोन छोटी भोकं, दर काही महिन्यांनी बदललेली सिलिका जेलची पुडी आणि कपाटाबाहेर ठेवलेले दिवे, एवढ्यानं बरंच निभावतं. फोटो हातानं रंगवायचे तर जुन्या धर्तीचा, प्लास्टिकचा थर नसलेला कागद हवा. आजच्या चकचकीत कागदावर रंग नुसता तरंगतो आणि ब्रशचे पट्टे दिसतात.

ही कपाटं २०१९ मध्ये व्हेनिस बिएनालेच्या भारतीय दालनात पुन्हा दिसली. गांधींच्या दीडशेव्या जयंतीचं वर्ष. शेजारी नंदलाल बोस यांनी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी केलेली पोस्टरं. त्याआधी, २०१४ मध्ये, भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात ‘७००० म्युझियम्स’ झालं. जर्मन कलाकार जोसेफ बॉइसनं कासेलमध्ये सात हजार ओक लावायला घेतले होते, त्या आकड्यावरून. डोडियांनी भारतातल्या गावोगावी कल्पित संग्रहालयं उभी केली, जलरंगात. एकोणिसाव्या शतकातल्या, मातीच्या बाहुल्या आणि नमुन्यांनी भरलेल्या सागवानी कपाटांमध्ये हे काम ठेवणं म्हणजे कपाटाच्या माणसाला त्याच्या माहेरी नेणं होतं. कुठली वस्तू संग्रहालयाची आणि कुठली डोडियांची, हे ओळखायला पाटी बघावी लागत होती.

आणि २०२३ मध्ये प्रेस्कॉट रोडवरच्या केमोल्डमध्ये जे आलं त्यात यातलं काहीच नव्हतं. पत्रा नाही, पूड नाही, कपाट नाही. जुन्या हिंदी सिनेमातल्या थांबवलेल्या चौकटींवरून २०२० ते २०२२ मध्ये केलेली चोवीस चित्रं. प्रदर्शनाचं नाव ‘डॉ. बॅनर्जी इन डॉ. कुलकर्णीज नर्सिंग होम’, म्हणजे ‘आनंद’मधले अमिताभ आपल्या रमेश देवांच्या नर्सिंग होममध्ये. पडद्यावर क्षणभर थांबून पुढे जाणारी ती जागा इथे तशीच थिजून राहते: भिंत, दार, उभा माणूस. पाटीवर माध्यमाच्या ओळीत दोनच शब्द होते, तैलरंग, कॅनव्हास.